अकरा मुक्काम, दहा गाड्या: राजारामपुरीतल्या एका कुटुंबाचा युरोपचा बेत

प्रकरण चौघांचं आहे. माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, वहिनी, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या काकू. घर कोल्हापूरच्या राजारामपुरीत, दुकान चप्पल लाईनीत. शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा रात्री युरोप, तोही सगळा रेल्वेने, असं ठरलं होतं. टूर कंपनीबरोबर जायचं नाही, हा आग्रह काकूंचा. त्यांच्या भिशीतल्या बायका तसं फिरून आल्या होत्या आणि त्यांना आठवत होती ती फक्त बस. नकाशे, वेळापत्रकं यांचा नाद मला असल्यामुळे कागद माझ्याकडे तपासायला आला.

पहिला बेत असा होता: ॲमस्टरडॅम 2 रात्री, ब्रुसेल्स 1, पॅरिस 2, लुझर्न 2, इंटरलाकेन 1, इन्सब्रुक 1, साल्झबर्ग 1, व्हिएन्ना 2, व्हेनिस 1, फ्लॉरेन्स 1, रोम 1. सहा देश, अकरा मुक्काम. प्रत्येक ओळीपुढे गाडीची वेळ आणि हॉटेलचं नाव. कष्ट घेतलेले दिसत होते. वेळापत्रकात चूकही नव्हती. त्या सगळ्या गाड्या खरोखर धावतात आणि पकडताही येतात. धडधाकट पंचविशीतला पोरगा पाठीवर सॅक टाकून हा बेत पार पाडेल, आणि परत आल्यावर दोन दिवस झोपेल.

### बेत एवढा फुगला कसा

दादा हावरट माणूस नाही. रंकाळ्यावर फिरायला गेला तरी एका बाकावर तासभर बसणारा आहे. मग अकरा शहरं आली कुठून? कागद उलटा लावून बघितल्यावर कळलं. अकरा मुक्काम म्हणजे दहा वेळा गाडी. आणि त्यानं बघून ठेवलेला पास होता दहा दिवसांचा.

युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी युरेल पास असतो. तिथल्याच रहिवाशांसाठीच्या पासला इंटररेल म्हणतात. युरेलचा ग्लोबल पास 33 देशांत चालतो. सलग दिवसांचा घेता येतो, नाहीतर सुटे दिवस मोजून: महिन्याभरात 4, 5 किंवा 7 दिवस, दोन महिन्यांत 10 किंवा 15 दिवस. मोठ्या माणसाबरोबर 4 ते 11 वयाच्या मुलाला फुकट, साठीच्या पुढच्यांना 10 टक्के सवलत. आमच्या चौघांत एक मूल आणि एक ज्येष्ठ, त्यामुळे जाहिरात जणू यांच्यासाठीच लिहिलेली. दादानं मनातल्या मनात पास आधी घेऊन टाकला आणि मग त्याचे दहाच्या दहा दिवस वसूल होतील अशी शहरं भरत गेला. इन्सब्रुक कुणालाच बघायचं नव्हतं. ते वाटेत होतं आणि पासचा दिवस शिल्लक होता, एवढंच.

माझ्या मते रेल्वेनं युरोप फिरणाऱ्या आपल्याकडच्या बहुतेक बेतांचं दुखणं हेच असतं. पासच्या दिवशी कितीही फिरा, म्हणून बेतालाही मर्यादा उरत नाही. थाळी 'अनलिमिटेड' आहे म्हटल्यावर आपण तांबड्या रश्श्याच्या वाट्या मोजत नाही, आणि घरी आल्यावर सोडा शोधतो.

त्यात पास म्हणजे बसली गाडी असंही नाही. फ्रान्सची टीजीव्ही, पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणारी लिरिया, युरोस्टार, इटलीतली फ्रेचारोसा, या सगळ्यांना पास असला तरी सीटचं आरक्षण वेगळं आणि पैसेही वेगळे. काही गाड्यांत पासवाल्यांच्या जागा ठरावीकच असतात आणि त्या आधी संपतात. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत मात्र बहुतेक गाड्यांत थेट जाऊन बसता येतं. म्हणजे पासची खरी मजा ज्या देशांत, त्यातला जर्मनी बेतात नव्हताच.

### एका गाडीला किती वेळ लागतो

ॲमस्टरडॅम ते पॅरिस गाडी साधारण तीन तास वीस मिनिटांची. दादाच्या कागदावर 'सकाळी निघून दुपारी आयफेल' असं लिहिलेलं. मी त्याला तो दिवस घड्याळ लावून सांगायला लावला.

नाश्ता, बॅगा बंद करणं, खोली सोडणं: दहा वाजले. स्टेशनला पोचायला अर्धा तास. फलाट कुठला ते बोर्डावर थोडा वेळ आधीच लागतो, शिवाय फलाटावर आपला डबा कुठल्या अक्षराखाली थांबणार ते शोधायचं, काकूंना सावकाश न्यायचं. म्हणून पाऊण तास आधी पोचायला हवं. गाडीत साडेतीन तास. पॅरिसला उतरून बॅगांसकट हॉटेल गाठायला आणखी पाऊण तास. चार वाजत आले. मुलगी भुकेली, काकूंचे पाय सुजलेले. दादा गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे दिवस गेलाच की रं."

एक गाडी म्हणजे दारापासून दारापर्यंत सरासरी सहा तास धरले, तर दहा गाड्यांचे साठ तास. माणूस दिवसाचे चौदा तास जागा असतो असं धरलं, तर पंधरा दिवसांतले चारहून जास्त दिवस बॅगा ओढण्यात. शिवाय हे सगळं वेळेवर झालं तर. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 2024 मध्ये जेमतेम 62.5 टक्के वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर तिथे उशिरात धरतच नाहीत. युरोपातल्या गाड्या सेकंदावर चालतात ही आपल्याकडची समजूत स्वित्झर्लंडपुरती ठेवावी.

दादाचा पुढचा मुद्दा रात्रीच्या गाडीचा होता. "महालक्ष्मीनं रात्री बसलं की सकाळी मुंबई. तसंच व्हिएन्ना–व्हेनिस झोपेत करूया की." नाइटजेट ही ऑस्ट्रियन रेल्वेची रात्रीची गाडी चांगली आहे आणि पासचा हिशेबही सोयीचा आहे: मध्यरात्रीच्या आधी बसलं आणि वाटेत गाडी बदलली नाही, तर फक्त निघायचा दिवस मोजला जातो. पण सकाळी साडेआठच्या सुमारास व्हेनिसला उतरल्यावर खोली मिळणार दुपारी तीनला. महालक्ष्मीनं मुंबईला उतरलं की आपण पाहुण्यांच्या घरी आंघोळ करतो. व्हेनिसला पाहुणे नाहीत.

अजून एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या लोकांच्या ध्यानात येत नाही. कोल्हापूरकरांचा परदेश प्रवास आदल्या दिवशी सुरू होतो. रात्रभर प्रवास करून मुंबई, मग विमानतळावरची ताटकळ, मग विमान. उतरता उतरता दोन रात्रींची झोप मोडलेली असते. त्यात शेंगेन देशांनी (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांनी) ऑक्टोबर 2025 पासून एंट्री-एक्झिट सिस्टीम सुरू केली. पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी पहिल्या खेपेला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत), त्यामुळे रांगेचा भरवसा नाही. जुन्या बेतात उतरल्या दिवशी दुपारी दोनला म्युझियमचं वेळेचं तिकीट होतं.

### व्हिसानं दाखवलेली गंमत

बेत कापायला खरी मदत झाली ती व्हिसाच्या नियमाची. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करायचा तो जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. तसा एक देश ठरत नसेल तर जिथून पहिल्यांदा आत शिरणार त्या देशाकडे. रात्री मोजल्या. फ्रान्स 2, नेदरलँड्स 2, बेल्जियम 1, स्वित्झर्लंड 3, इटली 3, ऑस्ट्रिया 4. म्हणजे अर्ज ऑस्ट्रियाकडे. ज्या देशाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, तो यांच्या सहलीचा मुख्य देश निघाला! वहिनी खळखळून हसल्या आणि कागद दादाच्या हातातून काढून घेतला.

मग वहिनींनी प्रत्येकाला विचारलं: एकच गोष्ट सांगा, जी बघायची राहिली तर परत आल्यावर रुखरुख लागेल. मुलीनं दोन सांगितल्या, आयफेल आणि बर्फ. काकूंनाही बर्फाचा डोंगर हवा होता, "पण वर जाऊन लगेच खाली नको. बसायचं मला तिथं. चहा प्यायचा." वहिनी चित्रकला शिकलेल्या, त्यांना फ्लॉरेन्सची उफिझी गॅलरी. दादाला रोम. आणि जरा आढेवेढे घेऊन आणखी एक: मिलानमधलं प्राडाचं दुकान. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच चपला दाखवल्या आणि गदारोळ झाल्यावर त्यामागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं मान्य केलं, तेव्हापासून चप्पल लाईनीत हा विषय थंड झालेला नाही. कोल्हापुरीला 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं, त्यामुळे रागही हक्काचा. दादाला काही विकत घ्यायचं नव्हतं. काचेपुढे उभं राहायचं होतं.

ॲमस्टरडॅमचं नाव कुणीच घेतलं नाही. ते ट्युलिपसाठी होतं. आणि कॉयकेनहॉफची प्रसिद्ध बाग मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होते. यांची शाळेची सुट्टी बघता पोचेपर्यंत तिथे कुलूप. व्हेनिसवर मात्र वाद झाला. वहिनींना ते हवं होतं, आणि एका रात्रीसाठी पूल चढत-उतरत बॅगा न्यायला काकूंना जमणार नाही हेही दिसत होतं. शेवटी त्यांनीच काट मारली. मला विचाराल तर कापलेल्यांपैकी फक्त व्हेनिसचं वाईट वाटण्यासारखं होतं.

### उरलेला बेत

पॅरिस 4 रात्री, लुझर्न 6, फ्लॉरेन्स 3, रोम 2. विमान मुंबई ते पॅरिस आणि परतीचं रोमहून, मल्टी-सिटी तिकीट. परत पॅरिसला यायचं असतं तर एक पूर्ण दिवस नुसता उलटा प्रवास झाला असता. तीन देश, तीन वेळा मुक्काम हलवणं. मुख्य देश स्वित्झर्लंड, म्हणून अर्ज तिकडे. पुण्याला जाऊन मोठ्यांनी ठसे दिले. फी माणशी 90 युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मी. व्हिसा केंद्राचं शुल्क वेगळं. 30,000 युरोंचं विमा संरक्षण सक्तीचं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निकालाला साधारण 15 दिवस, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणून हॉटेलं फुकट रद्द होणारीच घेतली, आणि परत न मिळणाऱ्या पैशांची स्वस्त रेल्वे तिकिटं पासपोर्ट हातात आल्यावर. तोवर काही तिकिटं चढली. ती चढ मी विम्याच्या हप्त्यासारखी धरतो.

पासचं काय? मार्ग ठरल्यावर हिशेब केला तर उरलेली प्रत्येक मोठी गाडी आरक्षणाचीच निघाली: पॅरिस–बाझल लिरिया, लुझर्न–मिलान युरोसिटी, मिलान–फ्लॉरेन्स आणि फ्लॉरेन्स–रोम फ्रेचारोसा. पासचे पैसे, वर प्रत्येक आरक्षणाचे पैसे, यापेक्षा सुटी तिकिटं स्वस्त पडली. युरेल बाद. त्याऐवजी लुझर्नमध्ये टेल-पास घेतला. मध्य स्वित्झर्लंडच्या गाड्या, बसेस, सरोवरातल्या बोटी आणि टिटलिस, पिलाटुस, रिगी हे तिन्ही डोंगर त्यात येतात. सलग 2, 3, 4, 5 किंवा 10 दिवसांचा मिळतो. यांनी पाच दिवसांचा घेतला. देशभर हिंडायचं असेल तर स्विस ट्रॅव्हल पास बरा, पण त्यात टिटलिसला निम्मे पैसे पडतात. एका गावात तळ ठोकणाऱ्यांनी टेल-पासच बघावा.

पॅरिसमधली खोली गार द लिऑं स्टेशनजवळ घेतली. लिरिया तिथूनच सुटते, आणि मेट्रोची 14 नंबरची लाईन तिथून जाते. पॅरिसच्या मेट्रोत जिने फार. 1 ते 14 नंबरच्या लाईनींत सगळीकडे लिफ्ट असलेली ही एवढीच. काकूंसाठी बाकी शहर बसनं. पॅरिस सोडायला शनिवार निवडला, कारण त्या आठवड्यात गुरुवारी असेन्शनची, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणाची, सुट्टी होती. ही सुट्टी ईस्टरनंतर 39 दिवसांनी येते, बुधवारी संध्याकाळी लोक जोडसुट्टी काढून शहराबाहेर पडतात आणि गाड्या भरतात. मे महिन्यात जाणाऱ्यांनी ईस्टरची तारीख बघूनच दिवस लावावेत.

बॅगांबद्दल थोडक्यात: चौघांत दोन मध्यम बॅगा आणि पाठीवरच्या सॅक. लुझर्नच्या सहा रात्री स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याचं मशीन असलेल्या घरात होत्या, तेव्हा पंधरा दिवसांचे कपडे न्यायची गरज नव्हती. काकूंची भाकरीच्या पिठाची पिशवी आणि कांदा-लसूण चटणी गेली. तूप आणि सुकं मटण बाहेर काढलं. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला बरोबर नेता येत नाहीत. तुपावरून अर्धा तास गेला.

### प्रत्यक्षात

लुझर्नच्या सहा रात्रींतला एक दिवस मी कोरा ठेवला होता. दादाला तो खुपत होता. "त्या दिवशी इंटरलाकेन करून येऊ की, दोन तासांवर तर आहे." मी म्हटलं, तिथे गेल्यावर ठरव.

टिटलिस ठरला होता तिसऱ्या दिवशी. सकाळी उठून वहिनींनी मोबाईलवर वरचा लाइव्ह कॅमेरा बघितला. पडदा पांढराफटक, डोंगर नाही, केबल नाही, काही नाही. तीन हजार मीटरवर ढगात बसून काय दिसणार? त्यांनी तो दिवस कोरा करून टाकला. काकू आणि नात लाकडी कापेलब्रुक पुलावरून हळूहळू चालत गेल्या. आढ्याखालची तिकोनी चित्रं काही आहेत, काही नाहीत. 1993 च्या आगीत बरीच गेली. नंतर बोटीत बसून सरोवराला वळसा. पाऊस पडत होता, बोट आतून गरम होती, पास होताच. पाचव्या दिवशी आभाळ निवळलं आणि टिटलिसची फिरती केबल कार वर गेली तेव्हा खाली एंगेलबर्गपर्यंत सगळं लख्ख. काकू वर दोन तास बसल्या, त्यातला बराच वेळ डोळे मिटून. चहा महाग होता, हेही त्यांनी आल्यावर सांगितलं. जुन्या बेतात लुझर्नला दोन रात्री होत्या, म्हणजे टिटलिसला एकच दिवस. तो ढगातला निघाला असता तर पुढच्या सकाळी इंटरलाकेनची गाडी.

मिलानमध्ये रात्र नव्हती, चार तास होते. लुझर्नहून येणारी युरोसिटी गोटहार्डच्या 57 किलोमीटरच्या बोगद्यातून येते. 2016 मध्ये तो सुरू झाल्यापासून प्रवास झटपट झाला आणि डोंगर दिसेनासा झाला. वीसेक मिनिटं नुसता काळोख, यावर मुलगी नाराज. मिलानो चेंत्राले स्टेशनवर बॅगा सामानघरात टाकल्या, पिवळ्या मेट्रोनं थेट ड्युओमो, म्हणजे तिथलं मुख्य चर्च. शेजारच्या काचेच्या छताच्या गॅलरीत प्राडाचं 1913 चं मूळ दुकान आहे. दादा काचेशी वाकून टाके बघत राहिला. आतल्या पोरानं दार उघडलं तर हा म्हणाला, "नको नको, बघतोय फक्त," तेही मराठीत.

फ्लॉरेन्सला घर तिसऱ्या मजल्यावर निघालं आणि लिफ्ट नव्हती. जाहिरातीत ते लिहिलेलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. काकू दिवसातून एकदाच उतरायच्या. तिथे एकच रात्र असती तर बॅगा चढवून उतरवण्यातच ती गेली असती. वहिनी उफिझीत दोनदा जाऊन आल्या. सोमवारी ती बंद असते हे धरूनच फ्लॉरेन्स आठवड्याच्या शेवटाला ठेवलं होतं. दादा सांता क्रोचे चर्चच्या मागच्या चामड्याच्या शाळेत कारागिरांचे हात बघत बसला. दुसऱ्या महायुद्धानंतर अनाथ मुलांना हुन्नर शिकवायला तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी ती काढली.

तक्रार उरली ती रोमची. दोन रात्री, त्यातला एक दिवस व्हॅटिकनच्या रांगेत, आणि कलोसियम बाहेरून. दादाचं म्हणणं, लुझर्नची एक रात्र इकडे हवी होती. म्हणणं रास्त आहे. पण मग लुझर्न 5, इटली 6 झालं असतं आणि व्हिसा इटलीकडे मागावा लागला असता. त्यालाही हरकत नव्हती, फक्त ते पुण्याला जायच्या आधी ठरायला हवं होतं. पॅरिसची एक रात्र काढली असती तर स्वित्झर्लंड 6, इटली 6, बरोबरी. आणि बरोबरीत अर्ज पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे, म्हणजे फ्रान्सकडे, जिथे तीनच रात्री उरल्या असत्या. वहिनींच्या मते यातलं काहीच नको. रोम सरळ कापून विमान मिलानहून घ्यायचं आणि त्या दोन रात्री व्हेनिसला. दादा आणि वहिनींचं यावर अजून जमलेलं नाही.